तारे, क्रूस आणि टर्किश टॉवेल

मी कमी बोलणारा माणूस आहे असं आमच्या कारखान्यात सगळे म्हणतात. कमी बोलणाऱ्याबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज असतो, की हा आत खोल काहीतरी विचार करत असणार. माझं तसं काही नाही. बऱ्याच वेळा मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर अडकलो असतो. त्यातलं एक न बोलणं दहा वर्षं जुनं आहे. त्यापायी एका माणसाची दुबई हुकली, आणि त्याहून मोठं काहीतरी गेलं जे मला फार उशिरा कळलं. ते सांगायला बसलोय.

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना. मालक घरात तेलुगू बोलतात, कामगारांशी मराठी, बँकेशी इंग्रजी, आणि चिडले की तिन्ही एकदम. माल परदेशी पाठवायचं ठरलं तेव्हा त्यांनी जगाचे दोन भाग केले आणि प्रत्येक भागाला एक लोखंडी कपाट दिलं. हिरव्या कपाटावर 'गल्फ' अशी चिठ्ठी, करड्यावर 'युरोप-अमेरिका'. हिरवं कपाट मास्तरांच्या टेबलाशेजारी, करडं माझ्या. मास्तर म्हणजे आमचे डिझाइन मास्तर. टॉवेलवर, चादरीवर जी नक्षी विणायची ती आधी चौकटीच्या कागदावर, म्हणजे ग्राफवर, तेच काढायचे. ते मुसलमान. मी सातवीपर्यंत कॉन्व्हेंटात शिकलेला. एवढ्या पात्रतेवर मास्तर इस्लामचे जाणकार ठरले आणि मी पाश्चात्त्य जगाचा.

खरं सांगायचं तर मास्तर अक्कलकोटच्या पलीकडच्या मैंदर्गीचे. घरात दख्खनी, गल्लीत कानडी, शाळेत मराठी. अरबी त्यांना नमाजापुरती यायची, आणि तिचाही अर्थ विचारला तर "मौलवीला विचार, मी टॉवेलवाला हाय" म्हणायचे. मला तरी कुठं काय येत होतं? माझ्या कॉन्व्हेंटातल्या सगळ्या सिस्टर केरळच्या. गोरा माणूस मी पहिल्यांदा अठ्ठाविसाव्या वर्षी जवळून पाहिला, तोही विजापूरला गोलघुमटाच्या बाहेर. त्यानं मला बसस्टँड विचारला आणि मी घाबरून मराठीत उत्तर दिलं. तो 'थँक्यू' म्हणून उलट्या दिशेला गेला. पाश्चात्त्य जगाशी माझा संबंध एवढाच.

पण मालकांनी एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. सकाळी पेपर वाचून ते आमच्या खोलीत यायचे आणि दारातूनच सुरू करायचे.

"मास्तर, तुमच्या लोकांनी परत काय केलं बघितलं का?"

"माझे लोक मैंदर्गीत हायत मालक. काल फोन आलावता. तूर काढायचं चाललंय."

"तसं नव्हे. तिकडचे."

"तिकडचं मेरेकू क्या मालूम?"

मग मालक माझ्याकडे वळायचे. "आणि तुझ्या लोकांनी परत विमानं पाठवली. लाज वाटते का नाही?" आणि खोटं का सांगू, मला खरंच थोडी लाज वाटायची. दुसऱ्याच्या देशात बॉम्ब टाकल्याबद्दल मी सोलापुरात मान खाली घालून बसायचो.

सगळ्यात मोठा पेच पडला तो इस्तंबूलहून पत्र आलं तेव्हा. एका व्यापाऱ्याला नमुने हवे होते. पत्र कुठल्या कपाटात घालायचं?

"ते नमाज पढतात का?" मालकांनी विचारलं.

"पढत असतील," मास्तर म्हणाले.

"मग तुमच्याकडं ठेवा."

"पण मालक, पत्राबरोबरच्या फोटोत टाय लावलाय. आन् गाव निम्मं युरोपात हाय. लंडनला द्या की."

लंडन म्हणजे मी. मास्तर मला कधी नावानं हाक मारायचे नाहीत. "काय लंडन, चहा घेणार?" "लंडन, पंखा लाव." मी त्यांना नुसतं मास्तर म्हणायचो. वयानं ते पंधरा वर्षांनी मोठे.

ते पत्र तीन आठवडे दोन कपाटांच्या मध्ये, खिडकीच्या कट्ट्यावर पडून राहिलं. तिसऱ्या आठवड्यात व्यापाऱ्याचं दुसरं पत्र आलं, की आम्ही पाकिस्तानातून माल घेतलाय.

ह्या वाटणीचा एक परिणाम असा झाला की मास्तर आणि मी चहाला बसलो की दोन संस्कृती बसल्यासारख्या बसायचो. मास्तर कुठलंसं उर्दू साप्ताहिक आणायचे, मी इंटरनेटवरून कागद छापून आणायचो. कोण काय देऊन गेलं आणि कोणी काय चोरलं ह्यावर आमची रोज जुंपायची. जुंपायची म्हणजे मास्तर बोलायचे, मी कागद पुढं सरकवायचो.

पहिलं भांडण टॉवेलावरनंच. आपण सगळेच 'टर्किश टॉवेल' म्हणतो, पण का म्हणतो ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. छापलेल्या कागदातून कळलं की इंग्रज कुणीतरी तुर्कांच्या हमामात, म्हणजे न्हाणीघरात गेले, तिथं धाग्याचे छोटे फास, म्हणजे लूप काढलेलं मऊ कापड बघितलं, घरी नेलं आणि त्याची मशीन बसवली.

"म्हंजे चोरी," मास्तर म्हणाले.

"सुधारणा," मी म्हणालो.

"बिनविचारता उचललं तर त्याला सुधारणा म्हणत्यात व्हय? मग माझी सायकल गेली ती सुधारायला गेली असंल."

कॉफीवर ते जिंकले, कारण कॉफी येमेनच्या बाजूनं युरोपात गेली हे माझ्याच कागदात निघालं. छापखान्यावर मी जिंकलो. आकड्यांवर मात्र दोघंही हरलो. मास्तर म्हणाले एक-दोन-तीन हे गोऱ्यांना अरबांनी शिकवलं, ते स्वतःच त्याला अरबी आकडे म्हणतात. मी म्हणालो अरबांनी ते हिंदुस्तानातून नेले. मालक दारात उभे होते. त्यांनी निकाल दिला, "म्हणजे माल आपला, अरब ट्रान्सपोर्टवाले. ट्रान्सपोर्टवाला गाठोड्यावर स्वतःचा शिक्का मारतोच की." एवढं बोलून ते समाधानानं निघून गेले. आम्हा दोघांना एकदम गप्प करणारा हा मला आठवणारा एकमेव प्रसंग.

एकदा मास्तर भिंतीवरच्या नकाशासमोर चष्मा लावून बराच वेळ उभे होते. अरबस्तानाच्या वरच्या बाजूला देशांच्या सीमा सरळ पट्टी मारल्यासारख्या आहेत, त्यावर बोट फिरवत होते.

"ह्या कुणी मारल्या?"

"इंग्रज-फ्रेंचांनी. पहिल्या महायुद्धानंतर बरंचसं."

"तरीच. मधी नदी हाय, गाव हाय, काय बघितलंच न्हाय. कापड न बघता डिझाइन टाकल्यावर असंच उसवतंय." मग माझ्याकडे बघून, "तुझ्या लोकांना ग्राफ काढता येत न्हाय, लंडन."

मास्तरांना तो काढता यायचा. ते मी इथं स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढं सगळं त्यावरच आहे. आमच्या भागात त्यांच्यासारखा डोळा कुणाचा नव्हता. पेन्सिलीनं एक मोर काढला की तो चादरीवर चारशे वेळा विणून आल्यावर कसा दिसेल हे त्यांना कागदावरच दिसायचं. संगणक आल्यावर त्यांचं काम फक्त एक नग काढण्याचं राहिलं. तो नग टॉवेलभर कसा मांडायचा, किती अंतरावर, ते मी संगणकावर बसवायचो. मग त्याची प्रिंट त्यांच्या सहीला जायची. मास्तरांची सही असल्याशिवाय मागावर काही चढत नसे.

दहा वर्षांपूर्वी दुबईच्या एका हॉटेलवाल्याकडून चौकशी आली. त्याला आठ कोनांचा तारा असलेले टॉवेल हवे होते. दुबईतच कापडाचं प्रदर्शन भरणार होतं, तिथं नमुना दाखवा, पसंत पडला तर ऑर्डर देतो, असं त्यानं कळवलं. मालक म्हणाले, नमुना घेऊन मास्तरच जाणार. तुमची माणसं, तुमचं तुम्ही बघा.

मास्तरांनी पासपोर्ट काढायला टाकला. आख्ख्या मैंदर्गीला कळलं. त्यांच्या आत्यानं जमजमचं पाणी सांगितलं.

"आत्या, ते मक्केत मिळतंय. मी दुबईला चाललोय."

"शेजारीच असंल की. येताना जरा वाकडी वाट कर."

मास्तरांनी नवी बॅग आणली, नवा सफारी शिवला, आणि रोज मला विचारायला लागले, "लंडन, विमानात चप्पल चालती का?" मी सांगायचो, चालते. मी विमानात कधी बसलो नव्हतो. माझा पासपोर्ट मात्र सहा वर्षं तयार होता. युरोप माझ्याकडे होता ना. सहा वर्षांत करड्या कपाटातून मला कुणी कुठं पाठवलं नव्हतं. युरोपवाले सगळं ई-मेलवर विचारायचे. त्या पासपोर्टची पानं मी कधीमधी उलटून बघायचो. कोरी, गुळगुळीत. इथं मला मत्सर झाला हे लिहायला हरकत नाही. नऊ वर्षं मी त्याला दुसरी बरीच नावं दिली.

मास्तरांनी तारा काढला. दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवले की होतो तो. पण त्यांच्या ताऱ्याचे कोन असे की बघणाऱ्याला तो थोडा फिरतोय असं वाटायचं. ग्राफ माझ्या हातात देताना म्हणाले, "दोन ताऱ्यांच्या मधी दोन बोटं जागा सोड. एकमेकांना चिकटवू नको."

मी चिकटवले. त्यावेळी मुद्दाम नाही. दोन बोटं जागा सोडली की टॉवेलच्या रुंदीला शेवटी अर्धा तारा कापला जात होता. टोकाला टोक लावलं तर बरोबर सहा तारे बसत होते. मला हिशेब बरोबर आल्याचा आनंद झाला. प्रिंट काढून सहीला नेली. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला होता, मास्तर त्याच्यासमोर बसून आपण मैंदर्गीत किती साली जन्मलो ते सांगत होते. त्यांनी हात पुढं केला, चष्मा न लावताच सही केली आणि पुन्हा पोलिसाकडे वळले.

दोन दिवसांनी मागावरून नमुन्याचे चाळीस टॉवेल उतरले. पहिला माझ्याच हातात आला. मी पसरला, आणि मला दिसलं.

आठ कोनांचे तारे टोकाला टोक लावून मांडले, की चार ताऱ्यांच्या मध्ये जी जागा उरते ती क्रूसाच्या आकाराची असते. एक-दोन ठिकाणी नाही, सगळीकडे. आणि मी लूप दिले होते ते नेमके त्या मधल्या जागेतच. म्हणजे तारे कापडात सपाट खाली बसले होते आणि क्रूस मऊ, गुबगुबीत, वर उठून आले होते. मुसलमान गिऱ्हाइकासाठी आम्ही चाळीस टॉवेलभर क्रूस विणले होते.

तेव्हा मी मास्तरांकडे जाऊन "चूक झाली, अंतर सोडलं नाही" एवढं म्हणालो असतो तर एका दिवसात नवं चढलं असतं. मी टॉवेल घडी करून चेकिंगला पाठवून दिला. माझ्या मनात काही कट वगैरे नव्हता. एवढाच विचार आला, की बघू, कुणाच्या लक्षात येतंय का. आणि त्याच्या मागून, अगदी हळू, की लक्षात आलं तर मास्तरांची दुबई लांबेल.

लक्षात आलं ते चेकिंगच्या मावशींच्या. टॉवेल उलटसुलट करून त्यांनी विचारलं, "दवाखान्याची आर्डर हाय व्हय ही?"

"का?" मालकांनी विचारलं.

"मग ह्या औषधाच्या दुकानाच्या खुना कशाला?"

मालकांनी टॉवेल उजेडात धरला. त्यांना एकदा क्रूस दिसला आणि मग तारा दिसेचना. "तारा कुठाय? मला तारा दाखवा कुणीतरी," म्हणत ते टॉवेल आडवा, उभा, तिरका धरून बघायला लागले. मशीनवरच्या दोघांना नुसते तारेच दिसत होते. ते म्हणाले, "मालक, क्रूस न्हायच." मावशी म्हणाल्या, "मला तर दवाखानाच दिसतोय." पाच मिनिटं कारखान्यात हेच चाललं होतं. मग मास्तरांना बोलावणं गेलं.

"मास्तर, हे काय? हजार वर्षं ह्यावरनं डोकी फोडतायत ते एकमेकांची. क्रूस लावून लढाया केल्या. आणि तुम्ही हा टॉवेल त्या अरबाच्या बाथरूमात टांगणार? दुसरं कुणी असतं तर समजलो असतो. तुम्हाला तरी कळायला पाहिजे होतं."

मास्तरांनी टॉवेल हातात घेतला. चष्मा पुसून लावला. लूपवरून अंगठा फिरवला. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो. ते माझ्याकडे वळले असते तर मी बोललो असतो असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते वळले नाहीत.

"सही माझी हाय," ते म्हणाले. "मी बघितलं न्हाय. चूक माझी."

आणि मी कमी बोलणारा माणूस.

पुढचं भराभर झालं. हिरवं कपाट माझ्या टेबलाकडे सरकवलं गेलं. सरकवताना मास्तरांनीच एक बाजू धरली. त्यांना चादरीच्या खात्यात पाठवलं. मालक म्हणाले, "तुम्ही मोर काढा. मोरावरनं कुणी लढाई करत नाही." दुबईला मी गेलो. जाताना मास्तर म्हणाले, "बॅग घेऊन जा की माझी. उगं नवी कशाला घेतोस?" ती बॅग मी घेऊन गेलो.

विमानात चप्पल चालते.

आता तारा नकोच म्हणून प्रदर्शनात दाखवायला मालकांनी साधे पट्टीचे टॉवेल दिले होते. ताऱ्याचे चाळीस नमुने जाळून टाका म्हणाले होते, पण एक मी स्वतःच्या अंघोळीला बॅगेत टाकला होता. दुबईच्या हॉटेलात उतरलो, बॅग खाली ठेवली आणि समोर बघितलं. जमिनीपासून छतापर्यंत आख्खी भिंत निळ्या फरश्यांची. आठ कोनांचे तारे, टोकाला टोक, आणि मध्ये क्रूस. तारे गडद निळे, क्रूस फिकट. त्या भिंतीला टेकून पांढऱ्या झग्यातला एक गृहस्थ मोबाईलवर हसत होता. त्याच्या डोक्यामागं बरोबर एक क्रूस होता. त्याला काहीही होत नव्हतं.

मी तिथंच बाकावर बसलो. पोर्टरनं येऊन विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हणालो, टाइल्स छान आहेत. तो म्हणाला, जुनं डिझाइन आहे साहेब, इकडं सगळीकडे असतं, मशिदीत पण. पोर्टर हैदराबादचा होता.

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाला आमच्या स्टॉलवर आला. साधे टॉवेल त्यानं गालाला लावून बघितले, खाली ठेवले. "तारा कुठाय?" म्हणाला. मी खोलीवर जाऊन माझा अंघोळीचा टॉवेल आणला. किंचित ओला होता. त्यानं तो पसरला आणि त्याचा चेहरा उजळला. "हाच," म्हणाला. मी धीर करून मधल्या आकारावर बोट ठेवलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं जसं मी शर्टाला बटणं का आहेत असं विचारलंय. "तारे ठेवले की हे मध्ये येणारच," तो म्हणाला. "ह्याला काय करणार?"

त्यानं ऑर्डर दिली. तो टॉवेल टेबलावर तसाच असताना हॉलंडची एक बाई आली. तिनं क्रूसावर हात फिरवला आणि म्हणाली, अहाहा, काय सुंदर क्रॉस, किती जुन्या वळणाचा. तिला तारे दिसलेच नाहीत. तिनंही ऑर्डर दिली.

परत आलो तेव्हा मालकांनी मला गेटवर हार घातला. त्यानंतर चार महिने आमच्या कारखान्यात एकाच मागावर एकच टॉवेल विणला जात होता. तो एका बाजूच्या खोक्यात 'स्टार' म्हणून जायचा आणि दुसऱ्या बाजूच्या खोक्यात 'क्रॉस' म्हणून. पॅकिंगवाल्यांनी एकदा खोकी अदलाबदल केली. मालकांना रात्रभर झोप नव्हती. दोन्हीकडून 'माल उत्तम' असं पत्र आलं.

आता सगळं सुरळीत झालं होतं, चूक माझी होती असं मी म्हणालो असतो तरी चाललं असतं. किती सोपं होतं. पण मालकांनी सगळ्यांसमोर मास्तरांच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "मास्तर, तुमची चूक पचली बरं का. नशीब तुमचं, हा होता म्हणून." हा म्हणजे मी. मास्तर हसले. 'मास्तरांची चूक' हा आमच्याकडं शब्दच झाला. कुणाच्या हातून काही बिघडलं आणि बरंच निघालं तर म्हणायचे, मास्तरांची चूक झाली बघ. मास्तरही हसून म्हणायचे. आणि नवीन काही काढायचे नाहीत. जुन्या मोरांवरून ट्रेसिंग करायचे. मी म्हणायचो, मास्तर, नवं काहीतरी काढा. ते म्हणायचे, "आता डोळा गेला, लंडन." मी म्हणायचो, चष्म्याचा नंबर बदला.

मागच्या वर्षी मास्तर साठीचे झाले. निरोप समारंभ ठेवला. आमच्याकडे पाहुण्याचा सत्कार टॉवेल-टोपी देऊन करतात, आणि टॉवेलच्या कारखान्यात टॉवेल देताना मालक कधी हात आखडत नाहीत. मास्तरांच्या खांद्यावर तीन टॉवेल पडले, डोक्यावर टोपी. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी कागदावर चार ओळी लिहून नेल्या होत्या. माइकसमोर उभा राहिलो आणि त्या चार ओळींच्या ऐवजी सगळं बोलून गेलो. दोन बोटं अंतर मास्तरांनी सांगितलं होतं. मी सोडलं नाही. नमुना मी आधी बघितला होता. मुद्दाम गप्प बसलो, कारण मला जायचं होतं. मास्तरांची चूक कधी नव्हतीच.

मला वाटलं आता कुणीतरी उठून मारणार. मग मालकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळे वाजवायला लागले. मालकांनी माइक घेतला. "बघा," म्हणाले, "निरोपाच्या दिवशी दोस्ताची चूक स्वतःच्या अंगावर घेतली. एक हिंदू, एक मुसलमान. सगळं जग भांडतंय, तिकडं गोरे आणि अरब भांडतायत, आणि आमच्या कारखान्यात बघा." मावशी डोळे पुसत होत्या. मी "नाही, नाही, खरंच" म्हणालो तर टाळ्या वाढल्या.

एकटा माणूस टाळ्या वाजवत नव्हता. तीन टॉवेलांखालून माझ्याकडे बघत बसला होता.

जेवणं झाल्यावर मास्तर मला बाहेर चहाच्या गाडीवर घेऊन गेले. टोपी खिशात घातली.

"दोन बोटं सांगितलीवती ना मी?"

"सांगितली होती."

"मला वाटलं मी सांगायचंच इसरलो. नऊ वर्षं मला वाटतंय मी इसरलो." त्यांनी चहा ढवळला, साखर आधीच विरघळली होती. "दुबईचं सोड. दुबई काय, जावयाला सांगितलं तर उद्या नेईल. तुला म्हायती हाय का मी काय केलं ह्या नऊ वर्षांत? मशिदीत बसलो की फरशीकडं बघायचो. चार तारे, एक क्रूस. म्हणायचो, लहानपणापासनं ह्याच्यावर कपाळ टेकवतोय आन् मला दिसलं कसं न्हाय? मंग म्हटलं आपला डोळाच खोटा. पयल्यापासनंच खोटा असंल. लोक उगं चांगलं म्हणत हुते."

मी म्हणालो, "पोलीस बसला होता, तुम्ही चष्मा नसताना सही केलीत म्हणून..."

"चष्मा खिशात व्हता," मास्तर म्हणाले. "तू आणलावता म्हणून बघितलं न्हाय."



दुसऱ्या दिवशी मास्तर मला घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेले. निवृत्त झाल्यावर पहिल्याच दिवशी हजर. "मालक, ह्यानं काल खरं सांगितलं. चूक ह्याचीच. तुमी सगळ्यांना सांगा."

मालक खुर्चीत मागं टेकले. आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. "मास्तर, त्यानं काल तुम्हाला वाचवलं. आज तुम्ही त्याला मोठं करायला आलाय होय?"

"मोठं कुठलं? म्या म्हणतोय, ह्यानं दगा केला."

"कळलं, कळलं. काल तो तुमच्यापायी खोटं बोलला, ते खरं ठरावं म्हणून तुम्ही दगा म्हणताय. तुमी दोघं एकमेकांना वाचवायचं बंद करा आता. चहा सांगू?"

केबिनच्या बाहेर जिन्यात मास्तर हसायला लागले. इतके हसले की कठडा धरावा लागला. मीही हसलो. मग ते एकदम थांबले आणि मी एकटाच हसत राहिलो, ते फार वाईट दिसलं.

"लिहून काढ," ते म्हणाले. "तोंडानं सांगितलेलं हितं कुणाला पटत न्हाय. लिहिलेलं मानत्यात. आन् नावं घालू नको. माझं नाव घातलंस तर लोक पयल्या ओळीतच ठरवतील चूक कुणाची."

लिहायला मला वर्ष लागलं. मागच्या शुक्रवारी दुपारी नमाजानंतर मास्तर घरी आले, मी वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्ये एकदा म्हणाले, कॉफीचं बरोबर लिहिलंयस. एकदा म्हणाले, आत्याचं काढ, तिची सून वाचती. मी काढलं नाही.

शेवटी मी लिहिलं होतं की मास्तरांनी मला मोठ्या मनानं माफ केलं. ते वाचल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"हे कवा झालं?"

"झालं नाही. पण शेवट करायला..."

"आतापतूर खरं लिहिलंस. शेवटाला कशाला घाण करतोस? खोड ते."

मी खोडलं. पेन त्यांच्यासमोर तसंच धरून बसलो.

"मग काय लिहू?"

मास्तरांनी बशीतलं बिस्कीट उचललं, चहात बुडवलं, ते मऊ पडेपर्यंत थांबले. "लिही, मास्तर विचार करतायत. घाई न्हाय म्हणावं. ह्यानं नऊ वर्षं लावली, मला चार महिने तरी द्या की."

तसं लिहिलंय. चार महिन्यांपैकी अजून एक आठवडाही झालेला नाही.